निळी खुर्ची

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज अडीच महिन्यांनी अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते माझ्याकडे मानेवाड्याला आहेत. सकाळी सातलाच अंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून, कानात अत्तराचा फाया खोचून बसले. "अब्बा, जमातची नमाज दीडला आहे," म्हटलं तर म्हणाले, "खुतबा बुडाला तर जुम्मा कसला बेटा?" खरंच आहे. एरवी जोहरला, म्हणजे दुपारच्या नमाजला, चार फर्ज (सक्तीच्या) रकाती (नमाजची आवर्तनं), जुम्म्याला दोनच; पण त्याआधी खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन, ऐकायचा असतो.

त्या पहाटेचं लिहायचं राहूनच गेलं होतं. अम्मी गेल्यापासून अब्बा मोमिनपुऱ्यातल्या घरी एकटेच. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, वजूसाठी (हातपाय-तोंड धुवायला) उठले आणि मोरीत घसरले. फोन उशाशी राहिलेला. मी त्यांना रोज रात्री नऊला फोन करते. म्हणजे मला कळायला रात्रीचे नऊ वाजले असते. हा हिशोब अजून माझी झोप उडवतो.

गुडघे गेल्यापासून अब्बा पहिल्या सफेच्या (रांगेच्या) टोकाला खुर्चीवर बसून नमाज पढतात. निळी प्लास्टिकची खुर्ची, एका पायाला रबरी बूच. नमाज संपताना आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवून सलाम फिरवतात. त्या पहाटे मान वळली आणि अजान देणाऱ्या मोअज्जिनसाहेबांना खुर्ची रिकामी दिसली. "मास्टरसाहब नहीं आए?" एवढंच ते बोलले, आणि दोन पोरं आमच्या घराकडे निघाली. दाराला आतून कडी, म्हणून शेजारच्या गच्चीवरून उतरली. मला फोन आला तेव्हा अब्बा दवाखान्याच्या वाटेवर होते. तिथल्या काउंटरवर आधी पैसे भरा म्हणाले, तर ते मी पोचायच्या आत भरून झाले होते. कुणी किती दिले, आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. मी विचारून थकले.

लहानपणी मला वाटायचं, मशीद म्हणजे नमाजची जागा. अब्बा सांगायचे, मक्केहून हिजरत (स्थलांतर) केल्यानंतर, ६२२ साली, मदिनेत पैगंबरसाहेबांनी (स.) कच्च्या विटांची, खजुराच्या खोडांची मशीद उभारली. तिच्याच एका कडेला सुफ्फा नावाचा ओटा होता. ज्यांना घरदार नव्हतं, ते गरीब सहाबी, म्हणजे पैगंबरसाहेबांचे साथी, तिथं राहायचे, शिकायचे. अम्मी गेली तेव्हा भोंग्यावरून फक्त नाव आणि दफनाची वेळ सांगितली गेली. मशिदीतला डोला, म्हणजे मयत न्यायची तिरडी, आला आणि ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं त्यांनी अम्मीला खांदा दिला. जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे: वस्तीतल्या काहींनी पढली तर सगळे सुटले, कुणीच नाही पढली तर अख्खी वस्ती गुन्हेगार. रिकाम्या खुर्चीची चौकशी मला त्याच जातीची वाटते.

आज दुपारी ऊन मी म्हणत होतं. अब्बा वॉकर टेकत पायऱ्यांपर्यंत गेले आणि तिथून त्यांचा हात माझ्या हातातून दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. मी त्यांच्या चपला घेऊन फाटकाबाहेर लिंबाखाली थांबले. आत बायकांसाठी जागा नाही. याचं मला दुःख आहे, आणि ते मी लपवणार नाही. पुण्याच्या एका जोडप्यानं यासाठी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२०मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्रात सांगितलं की बायकांना मशिदीत नमाजची मनाई नाही. मनाई नाही तर एक पडदा, एक नळ, एक सतरंजी एवढंच तर हवं. माझ्या बापाला ज्या मशिदीनं वाचवलं, तिच्यात मलाही एक सजदा करायचा होता. उद्या मी पडले तर कुठली सफ माझ्याकडे बघेल?

नमाज सुटल्यावर अब्बा बाहेर आले ते दहा-बारा जणांच्या गराड्यात. खुर्ची तिथंच होती म्हणाले. कुणी बसत नव्हतं. अम्मीच्या वेळी डोला धरणारे एक चाचा पुढे आले आणि मला म्हणाले, "बेटी, अब यहाँ भेज दो इनको. मोरी में पकड़ने का पाइप हम लगवा देंगे."

घरी आल्यावर अब्बांनी कपड्यांची पिशवी स्वतःच भरली. रविवारी सकाळी मिस्त्री येतोय. रात्री नऊचा फोन मी चालूच ठेवणार आहे.