कोहिनूरचा तह आणि अज्ञान महाराज

सर्वोच्च न्यायालयात सोमवारी नव्या प्रकरणांची गर्दी असते आणि सरन्यायाधीशांच्या न्यायकक्षात तर उभे राहायलाही जागा मिळत नाही. सोमवार, १८ एप्रिल २०१६ रोजी मी माझ्या सीनिअरांच्या एका सेवाविषयक प्रकरणाचे कागद घेऊन तिथे मागच्या रांगेत उभा होतो. कोहिनूर परत आणण्याचे निर्देश सरकारला द्यावेत, अशी मागणी करणारी जनहित याचिका त्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, होती. अशा याचिका दोन मिनिटांत निकाली निघतात, असा आम्हा वकिलांचा अनुभव असल्यामुळे माझे अर्धे लक्ष माझ्याच फाइलमध्ये होते.

सरन्यायाधीश तीरथसिंग ठाकूर आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने सरकारची भूमिका विचारली. त्यावर महान्यायअभिकर्ता (सॉलिसिटर जनरल) रणजितकुमार यांनी सांगितले की, कोहिनूर चोरून किंवा बळजबरीने नेलेला नाही. शीख युद्धांत झालेल्या मदतीची भरपाई म्हणून तो इंग्रजांना स्वेच्छेने दिला गेला. हे सांस्कृतिक मंत्रालयाचे म्हणणे असून परराष्ट्र मंत्रालयाचे उत्तर अजून यायचे आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. परंतु दुपारपासून वाहिन्यांवर फक्त पहिले वाक्य फिरत राहिले.

मला त्या वाक्यापेक्षा खंडपीठाची सावधगिरी अधिक महत्त्वाची वाटली. याचिका आम्ही आत्ताच फेटाळली, तर उद्या तुम्ही खरोखरच दावा मांडाल तेव्हा 'तुमच्याच न्यायालयाने हे नाकारले होते' असे समोरचा म्हणेल, ही शंका सरन्यायाधीशांनी बोलून दाखवली आणि सरकारला सविस्तर उत्तरासाठी सहा आठवड्यांची मुदत दिली. दिवाणी दाव्यांवर हात बसलेल्या कोणालाही ही शंका लगेच कळेल, कारण पक्षकाराची कबुली हा त्याच्याविरुद्धचा सर्वांत सोयीचा पुरावा असतो.

बाहेर व्हरांड्यात मी तावातावाने बोलू लागलो, तेव्हा सीनिअरांनी मला मध्येच थांबवले. "अरे, भाषण नंतर कर. आधी तहाचं तिसरं कलम वाच, मग आपण बोलू," ते म्हणाले. मी "हो सर" म्हटले आणि संध्याकाळी ग्रंथालयात एचिसनचा तहांचा संग्रह काढून बसलो.

२९ मार्च १८४९ च्या लाहोरच्या तहातले तिसरे कलम अगदी लहान आहे. महाराजा रणजितसिंगांनी शाह शुजा उल्मुल्ककडून घेतलेले कोहिनूर नावाचे रत्न लाहोरच्या महाराजांनी इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन करावे, एवढेच त्यात म्हटले आहे. मदतीचा किंवा खुशीचा त्यात शब्दही नाही. रणजितसिंगांनीच हिरा भेट दिला असे त्या दिवशी काही बातम्यांत आले होते, पण त्यांचे निधन १८३९ मध्ये, म्हणजे तहाच्या दहा वर्षे आधी झाले होते. शिवाय शीख युद्धे इंग्रजांनी लढली ती शिखांविरुद्ध, तेव्हा कोणी कोणाला मदत केली आणि भरपाई कशाची, हे मला अजूनही उलगडलेले नाही. शाह शुजाचा उल्लेख मात्र मसुदा लिहिणाऱ्याने हेतूने घातला असावा, असा माझा वकिली संशय आहे. आश्रयाला आलेल्या त्या अफगाण शाहकडून रणजितसिंगांनी १८१३ मध्ये हिरा मिळवला, तोही काही राजीखुशीने नव्हे. आणि तेवढे एक वाक्य लिहून ठेवले की लाहोरच्या मालकीहक्काकडेही बोट दाखवता येते.

तहावर सही करणारे रणजितसिंगांचे पुत्र महाराजा दलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचे होते. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीचा करार मुळातच शून्य असतो, हे आपण १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून शिकत आलो आहोत. पण तहांना करार कायदा लागत नाही, त्यामुळे हा मुद्दा भाषणात टाळ्या मिळवतो आणि न्यायालयात टिकत नाही. खरा मुद्दा मला त्याच खंडात काही पाने आधी सापडला. डिसेंबर १८४६ च्या भैरोवालच्या तहाने इंग्रज सरकारने या अज्ञान महाराजांचे पालकत्व स्वतःकडे घेतले होते आणि महाराज सोळा वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे ४ सप्टेंबर १८५४ पर्यंत, राज्याचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातील इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या, देखरेखीखाली चालायचा होता. १८४७ मध्ये राणी जिंदन यांना मुलापासून दूर करण्यात आले, १८४८ मध्ये मुलतानला बंड झाले, आणि जे बंड मोडून पाल्याचे राज्य राखणे हे पालकाचे काम होते, त्याच बंडाची शिक्षा म्हणून पालकाने पाल्याचे राज्य खालसा केले व जडजवाहीर ताब्यात घेतले. कोणत्याही जिल्हा न्यायालयात असा पालक हिशेब देता देता घामाघूम झाला असता.

हिरा नेणाऱ्या गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला तो भेट म्हणून नकोच होता. भेट म्हणजे उपकार, त्यापेक्षा पराभूत राजाने तो थेट राणीच्या हाती स्वाधीन करावा यात तिचा मान अधिक, असे त्याने १८४९ मध्येच पत्रात लिहून ठेवले आहे. त्याने स्वतः लाहोरहून हिरा मुंबईला आणला आणि ६ एप्रिल १८५० रोजी 'मेडिया' जहाजाने तो मुंबईहूनच विलायतेला रवाना झाला. ज्याने हिरा नेला तो त्याला भेट मानत नव्हता, आणि त्याच्या वंशजांनी करायचा युक्तिवाद आपण आपल्याच न्यायालयात फुकट करून दिला, हे त्या दिवशी मला फार लागले.

दुसऱ्या दिवशी सांस्कृतिक मंत्रालयाने पत्रक काढून सांगितले की माध्यमांत आलेली भूमिका सरकारची नाही आणि हिरा सामोपचाराने परत आणण्याचे सर्व प्रयत्न केले जातील. अशा मागणीने अडचणीच वाढतील, हे पंडित नेहरूंचे १९५६ मधील मतही त्यात उद्धृत होते. जर्मनीने आणि कॅनडाने परत केलेल्या मूर्तींचे दाखले त्यात होते. पण त्या अलीकडच्या चोऱ्या होत्या. आपला पुरावशेषांचा कायदा १९७२ चा आणि युनेस्कोचा करार १९७० चा, त्यामुळे १८४९ पर्यंत दोहोंचाही हात पोहोचत नाही. त्यात लाहोर आज पाकिस्तानात, आणि पाकिस्तानने हिऱ्यावर १९७६ मध्येच हक्क सांगितलेला.

एप्रिल २०१७ मध्ये सरन्यायाधीश जगदीशसिंग खेहर यांच्या खंडपीठाने, परदेशातील वस्तूबाबत आम्ही आदेश कसा देणार, असे विचारून प्रकरण बंद केले. मार्ग शोधत असल्याचे सरकारचे प्रतिज्ञापत्र खंडपीठाला पुरेसे वाटले आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही.

"मग सर, दावा लावायचा तरी कुठे?" असे मी तेव्हा सीनिअरांना विचारले होते. "हेगला जाता येतं का, ते बघ," असे म्हणून ते त्यांच्या कामाला लागले. मी पाहिले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य करताना ब्रिटनने राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद वगळले आहेत, आणि भारतानेही आपल्या घोषणेत नेमका तोच अपवाद घातला आहे. म्हणजे उरतो तो राजनैतिक वाटाघाटींचा रस्ता, आणि तिथे आपला प्रतिनिधी भैरोवालचा तह घेऊन बसला, तरी समोरचा अधिकारी १८ एप्रिल २०१६ च्या बातम्यांची कात्रणे पुढे सरकवणार.