बंद पडलेल्या क्लबात अडकलेला गोलकीपर: मुंबईच्या फुटबॉल लीगमधल्या नोंदणीचा माझा अनुभव

मुंबईच्या फुटबॉल लीगमध्ये नवा संघ उतरवायचा असेल तर पैसे, जर्सी, मैदान हे सगळं नंतर बघा. आधी प्रत्येक पोराला समोर बसवून विचारा: तुझी याआधी कुठल्याही क्लबकडून, कुठल्याही जिल्ह्यात, ऑनलाइन नोंदणी झालेली आहे का? "आठवत नाही" म्हणाला तर त्याच्या जुन्या कोचला फोन लावा. हा प्रश्न विचारायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आमचा पहिला गोलकीपर अर्धा हंगाम बाकावर बसून राहिला. त्याची काहीएक चूक नसताना.

मी आमच्या वस्तीतल्या क्लबचा सचिव आहे. पोरं कितीतरी वर्षं पावसाळी स्पर्धा, सेव्हन-अ-साइड, टर्फवरच्या नाइट टूर्नामेंट खेळत होती आणि जिंकतही होती. पण त्या जिंकण्याची कुठे नोंद होत नाही. लीगचं तसं नाही. तिथे प्रत्येक सामना मोजला जातो आणि वर चढायची वाट असते. म्हणून सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये संघ उतरवायचं ठरवलं. क्लबची घटना, समितीचा ठराव, संलग्नतेचा अर्ज, फी ही कामं सुरळीत झाली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, फक्त ठरावाच्या प्रतीवर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्याही सह्या घ्या.

ही वाट कशी आहे ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच अवलंबून आहे. मुंबईत लीग चालवते मुंबई फुटबॉल असोसिएशन, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेली एमडीएफए. खालून तिसरी, दुसरी, पहिली डिव्हिजन, मग सुपर डिव्हिजन, आणि त्याच्या वर सर्वोच्च गट. या सर्वोच्च गटाचं नाव पिढीगणिक बदलत आलं: हारवूड लीग, सुपर डिव्हिजन, एलीट, अलीकडे प्रीमियर लीग. मुंबई असोसिएशनच्या डोक्यावर राज्याची संघटना, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा. पुणे, नागपूर, ठाणे, कोल्हापूर असे सगळे जिल्हे तिच्याखाली येतात. विफाच्या वर दिल्लीचा अखिल भारतीय महासंघ, एआयएफएफ. आणि खेळाडूंची नोंदणी होते ती महासंघाच्या सीआरएस या एकाच संगणकीय यंत्रणेत. म्हणजे आमच्या गल्लीतला पोरगा आणि आयएसएल या देशातल्या अव्वल व्यावसायिक लीगमधला पगारी खेळाडू एकाच यादीत.

इथेच आम्ही अडकलो. सगळ्यांची माहिती भरून झाली: जन्मदाखला, आधार, फोटो. गोलकीपरचं नाव टाकलं आणि उत्तर आलं की हा खेळाडू आधीच दुसऱ्या क्लबकडे नोंदलेला आहे. तो दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात मामाकडे राहून शिकत होता. तिथल्या एका अकादमीने त्याला एका स्पर्धेसाठी नेलं होतं. कागदांचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवून घेतले, याला वाटलं स्पर्धेची प्रवेशिका भरतायत. प्रत्यक्षात त्यांनी रीतसर नोंदणी केली होती. पुढे ती अकादमी बंद पडली. मैदानाचा फलकसुद्धा उतरवला.

आता नियम असा आहे, आणि तो फिफापासून खालपर्यंत सगळीकडे सारखाच आहे, की खेळाडू एका वेळी एकाच क्लबकडे नोंदलेला असू शकतो. नियम योग्यच आहे. नाहीतर रविवारी एका संघातून आणि सोमवारी दुसऱ्यातून खेळणारे कमी नाहीत. पण बदलीची विनंती आम्ही टाकायची, जुन्या क्लबने ती मान्य करायची, मग ती पुढे जाणार. जुना क्लबच जागेवर नसेल तर मान्य कोण करणार? स्क्रीनवर आमच्या विनंतीपुढे 'पेंडिंग' हा शब्द यायचा आणि तिथेच राहायचा. मी सकाळी उठल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, झोपण्याआधी तेच पान उघडून बघत होतो. हंगाम सुरू झाला, सामने पडत गेले, आणि आम्ही दुसऱ्या गोलकीपरला उभं केलं, जो खरं म्हणजे लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू आहे.

जुन्या क्लबच्या कर्त्या माणसाचा नंबर मिळवायलाच बराच वेळ गेला. मिळाला तेव्हा ते म्हणाले, लॉगिन आमच्या कोचकडे होतं, तो गल्फला गेला. कोचला मेसेज केला, निळी खूण आली, उत्तर नाही. परत पहिल्या माणसाला फोन. आता त्यांनी वेगळाच सूर लावला: क्लब बंद वगैरे काही नाही, या वर्षी फक्त उतरलेला नाही, आणि पोराच्या प्रशिक्षणावर आम्ही खर्च केलाय, तो भरून द्या म्हणजे बघतो. हौशी खेळाडू, एक रुपया पगार नाही, कसला करार नाही, उलट महिन्याची फी याच्या बापाने भरलेली. त्या फीच्या पावत्या आमच्याकडे होत्या. मी पावत्यांचे फोटो पाठवले, त्यानंतर फोन उचलणंच बंद. मला आजही त्या माणसाचा राग आहे. सतरा वर्षांच्या पोराचा हंगाम असा अडवून ठेवायचा अधिकार त्याला कोणी दिला?

आमच्या समितीत एक काका आहेत, तरुणपणी एका बँकेच्या संघातून लीग खेळलेले. ते म्हणाले, "क्लब मेला म्हणून खेळाडू मरत नाही. तसं असतं तर अर्धी मुंबई घरी बसली असती." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. इथल्या फुटबॉलचा इतिहासच बंद पडलेल्या संघांचा आहे. 1891 मध्ये रोव्हर्स कप ही मुंबईतली स्पर्धा सुरू झाली तेव्हा तो गोऱ्या पलटणींचा खेळ होता. भारतीय संघाने तो पहिल्यांदा जिंकला 1937 मध्ये, आणि तोही मुंबईचा नव्हे, बेंगळुरू मुस्लिम्स. हारवूड लीग 1902 ची, विफा 1911 ची. पलटणी गेल्या आणि त्यांच्या जागी गिरण्या, कंपन्या, बँका, रेल्वे आल्या: टाटा, मफतलाल, कॅल्टेक्स, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडूला नोकरी मिळायची आणि नोकरीबरोबर संघ. कूपरेज या मुंबईच्या फुटबॉल मैदानावर संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर माणसं आपापल्या कंपनीसाठी ओरडायला यायची, हे काकांनी स्वतः पाहिलेलं.

पण संघ कंपनीचा असला की कंपनीच्या एका निर्णयाने तो संपतो. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे देशातला अव्वल संघ आपल्या मुंबईचा होता. 2010 मध्ये तो बंद झाला. कोल्हापुराचं मला त्यासाठी कौतुक वाटतं. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. पेठ काही दिवाळं काढत नाही. शाहू स्टेडियमवर आजोबांनी ज्या संघासाठी घसा बसवला त्याच संघासाठी नातू बसवतो. मुंबईत आता कंपन्यांची जागा अकादम्यांनी आणि खासगी क्लबांनी घेतली आहे. त्यातला केंकरेसारखा एखादा क्लब देशपातळीवरच्या आय-लीगपर्यंत पोचला, हे मोठंच काम आहे. बाकी कितीतरी दोन हंगामांत गुंडाळले जातात आणि त्यांच्या नावावर पोरं तशीच राहतात.

तर काकांचा सल्ला असा: क्लबच्या मागे धावू नकोस, क्लब ज्याच्याशी संलग्न होता त्याच्याकडे जा. उतरंड उलटी चढ. नोंदणी ही क्लबची मालमत्ता नाही, ती संघटनेच्या दप्तरातली नोंद आहे. आम्हाला हवं होतं एक साधं पत्र: सदर क्लब चालू हंगामात आमच्या जिल्ह्याशी संलग्न नाही आणि कोणत्याही स्पर्धेत खेळत नाही. हे पत्र त्या जिल्ह्याने द्यायचं, ते आमच्या जिल्ह्यामार्फत राज्याकडे जाणार, आणि राज्य पुढे महासंघाला कळवणार.

त्या जिल्ह्याच्या कार्यालयात जो अनुभव आला तो सांगायलाच हवा. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली खोली, संध्याकाळी थोडा वेळ उघडी, तीही रोज नाही. पहिल्यांदा गेलो तर कुलूप. पुढच्या वेळी गेलो तर सही करणारे पदाधिकारी स्पर्धेला गेलेले. त्यानंतर सांगण्यात आलं की खेळाडूचा अर्ज चालणार नाही, क्लबचा अर्ज हवा. क्लबचा नेला तर म्हणे थेट घेत नाही, तुमच्या जिल्ह्यामार्फत पाठवा. हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. प्रत्येक फेरीला मी अर्धी रजा टाकत होतो आणि पोरगा कॉलेज बुडवून बरोबर येत होता, कारण "खेळाडूला समोर आणा" असंही मध्ये एकदा झालं होतं. तिथल्या टेबलावर संलग्न क्लबांची छापील यादी काचेखाली लावलेली होती. त्या अकादमीचं नाव त्या यादीत नव्हतं, ते मी बोट ठेवून दाखवलं. "यादीत नाही ते दिसतंय, पण पत्र वेगळं," असं उत्तर मिळालं.

शेवटी आमच्या बाजूने रीतसर पत्र गेलं, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. सोबत बापाच्या फीच्या पावत्या, जुन्या क्लबला केलेल्या ईमेलच्या प्रती आणि त्या काचेखालच्या यादीचा फोटो. यानंतर मात्र चक्र फिरलं. त्या जिल्ह्याचं पत्र आलं, राज्याकडे गेलं, आणि एका दुपारी 'पेंडिंग' जाऊन त्या जागी आमच्या क्लबचं नाव आलं. मी ऑफिसातच होतो. आधी पोराला फोन केला, मग त्याच्या आईला. ती रडायला लागली.

आता यातून जे कळलं ते, जसं आठवेल तसं. जुन्या क्लबशी फोनवर बोलत बसू नका, पहिल्या दिवसापासून ईमेल करा. उत्तर आलं नाही हाच तुमचा पुरावा होतो. खेळाडूने एकट्याने खेटे घालू नयेत, पत्र नेहमी क्लबचं आणि आपल्या जिल्ह्यामार्फतच. ट्रान्सफर विंडो, म्हणजे बदलीसाठी ठरवून दिलेली मुदत, कधी बंद होते ते आधी लिहून ठेवा, कारण विंडो संपली की सगळे कागद बरोबर असूनही पुढच्या हंगामाची वाट बघावी लागते. आधारवरचं आणि जन्मदाखल्यावरचं नाव सारखं असू द्या. आमच्या एका डिफेंडरच्या आधारवर वडिलांचं नाव नव्हतं, ते वेळीच लक्षात आलं. आणि पालकांनो, तुमच्या पोराचे कागद कोणी मागितले तर कशासाठी ते विचारा, नोंदणी होणार असेल तर कोणत्या क्लबकडे आणि कधीपर्यंत, ते लेखी घ्या. अकादमीचं बोधचिन्ह कितीही झकास असलं तरी.

आमच्या बाबतीत क्लब सोडताना ना-हरकत पत्र त्याच आठवड्यात द्यायचं, असा ठराव समितीने केला आहे. क्लबचं लॉगिन आता दोघांकडे असतं, सचिव आणि खजिनदार. गोलकीपर हंगामाचे उरलेले सामने खेळला. पहिल्याच सामन्यात त्याने पेनल्टी अडवली. लेफ्ट बॅक आपल्या जागेवर परत गेला आहे.