तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा राईड कुणाचा?

इथे निवडणूक लागली की साताऱ्याहून धाकट्या दिरांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वहिनी, तुमचा मतदारसंघ कुणाचा हो?" गणपतीत भेटणारी, नव्याने सिडनीत आलेली मुलंमुलीही तेच विचारतात, "ताई, आपल्या भागात कोण चालतं?" मी म्हणते, "कुणाचाच नाही." समोरच्याला वाटतं, बाई उत्तर टाळतेय. मी टाळत नाही, उत्तर खरंच तेवढंच आहे. पण ते तसं का आहे, हे फोनवर सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

भाऊजींच्या प्रश्नामागचं मला कळतं. आमच्या सासरी सासऱ्यांच्या वेळेपासून घरातली सगळी मतं एकाच चिन्हाला. कुठल्या आळीतून कुणाला किती मतं निघणार, हे मतमोजणीच्या आधीच सगळ्यांना तोंडपाठ. मतदारसंघ म्हटला की तो कुणाचा तरी बालेकिल्ला असणारच, हे मीही तिथून येताना गृहीत धरूनच आले होते.

राईड म्हणजे सिडनीचं एक उपनगर, पॅरामॅटा नदीच्या उत्तरेला. न्यू साऊथ वेल्स राज्याच्या विधानसभेत 93 जागा आहेत, त्यातली एक याच नावाची. ईस्टवूड, डेनिस्टोन, वेस्ट राईड, मेडोबँक हा सगळा त्यातला भाग. हिरवं, आंबटगोड ग्रॅनी स्मिथ सफरचंद ईस्टवूडच्या मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या बागेत 1868 मध्ये पहिल्यांदा रुजलं. आता तिथे बागा नाहीत. स्टेशनच्या एका बाजूला चिनी दुकानं, दुसऱ्या बाजूला कोरियन, आणि नदीकाठी जिकडेतिकडे फ्लॅटच्या उंच इमारती. आमच्यासारखी भारतीय घरंही बरीच आहेत.

जुना इतिहास थोडक्यात सांगते. 1978 मध्ये मुख्यमंत्री नेव्हिल रॅन यांच्या लेबर या डावीकडच्या पक्षाची राज्यभर लाट आली, तेव्हा राईडमधून लेबरचे गॅरी मॅकिल्वेन निवडून आले आणि 10 वर्षं टिकले. 1988 मध्ये निक ग्रायनर यांच्या लिबरल लाटेत मायकेल फोटिओस आले. (लिबरल हा इथला उजवीकडचा पक्ष, नावावर जाऊ नका.) 1991 मध्ये सीमा बदलल्या आणि राईड नावाचा मतदारसंघच नकाशावरून गेला. 1999 मध्ये विधानसभेच्या जागा 99 वरून 93 केल्या, तेव्हा राईड परत आला. मग तिथे दोन विद्यमान आमदार समोरासमोर उभे राहिले, शेजारच्या ग्लेड्सव्हिलचे लेबरचे जॉन वॉटकिन्स आणि अर्मिंग्टनचे तेच फोटिओस. वॉटकिन्स जिंकले. त्याच वर्षी वरिष्ठ सभागृहासाठी 264 उमेदवार होते आणि मतपत्रिका एवढी मोठी झाली की लोक तिला अजून टेबलक्लॉथ म्हणतात. मी तेव्हा इथे नव्हते, पण जुन्या शेजाऱ्यांकडून ती गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की ती घडी घालता न येणारी मतपत्रिका मीच उलगडल्यासारखी वाटते.

इथपर्यंत ऐकलं की भाऊजी म्हणतात, "म्हणजे वारा येईल तिकडे." मलाही आधी तसंच वाटायचं. मत बदललं ते 2007 आणि 2008 या दोन वर्षांत.

मी 2006 मध्ये इथली नागरिक झाले आणि 2007 च्या मार्चमध्ये राज्याच्या निवडणुकीत पहिलं मत दिलं. बोटाला शाई नाही, ओळखपत्र मागितलं नाही. टेबलामागच्या बाईंनी नाव विचारलं, पत्ता विचारला आणि मग, "या निवडणुकीत आधी मत दिलंय का?" मी "नाही" म्हटलं. माझ्या नुसत्या शब्दावर त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं आणि मतपत्रिका हातात दिली. बाहेर शाळेच्या पालकांनी सॉसेजचा स्टॉल लावला होता, शाकाहारी म्हणून मला ब्रेडमध्ये नुसता परतलेला कांदा मिळाला. संध्याकाळी सासूबाईंनी फोनवर विचारलं, "शाईचा फोटो पाठव." शाई नसते म्हटल्यावर त्यांना ते निवडणुकीचं खरंच वाटेना.

त्या वेळी राईडने वॉटकिन्सना चांगल्या मताधिक्याने परत निवडून दिलं. ते उपमुख्यमंत्री होते. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला केंद्राची निवडणूक झाली. आमचा बराच भाग केंद्रासाठी बेनेलाँग मतदारसंघात येतो. तिथे खासदार होते जॉन हॉवर्ड, म्हणजे देशाचे पंतप्रधान. 1974 पासून ते तिथून निवडून येत होते. बालेकिल्ला म्हणायचाच तर तो होता. आणि आमच्या गल्ल्यांमधल्या लोकांनी त्यांना पाडलं, पत्रकारितेतून आलेल्या मॅक्सिन मॅक्यू यांना निवडलं. पंतप्रधान स्वतःच्या जागेवर हरण्याची ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातली ती दुसरीच वेळ, पहिली 1929 ची. मला वाटलं, झालं, हा भाग आता लेबरचा झाला.

11 महिनेही झाले नाहीत. 2008 च्या सप्टेंबरमध्ये वॉटकिन्सनी राजकारण सोडलं, त्याच आठवड्यात वीज खासगीकरणाच्या भांडणात मुख्यमंत्री मॉरिस आयेमाही गेले, आणि 18 ऑक्टोबरला राईडमध्ये पोटनिवडणूक झाली. त्याच गल्ल्या, तीच माणसं, तीच शाळेची सभागृहं. सुमारे 23 टक्के मतं एका बाजूची दुसरीकडे गेली आणि लिबरलचे व्हिक्टर डॉमिनेलो जिंकले. राज्यात लेबरची सत्ता 13 वर्षांची झाली होती. अर्धवट राहिलेली रेल्वे, भरून वाहणारी इस्पितळं, आपापसातल्या मारामाऱ्या याला लोक विटले होते. हीच माणसं वर्षभरापूर्वी केंद्रात लेबरला निवडून देऊन मोकळी झाली होती.

हा वारा नव्हे. वारा सगळ्यांना एकाच दिशेला नेतो. राईडच्या लोकांनी दोन वेगवेगळ्या सरकारांचा हिशेब दोन वेगवेगळ्या दिवशी केला. माझ्या शेजारच्या आजी, आयुष्यभर डेनिस्टोनमध्ये काढलेल्या, मला म्हणाल्या होत्या, "एकाचा राग दुसऱ्यावर का काढू?" एवढं साधं वाक्य, पण आमच्या तालुक्यात मी ते कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

पुढची वर्षं डॉमिनेलोंची. 2011 मध्ये लेबरची राज्यभर धूळधाण झाली, त्यात राईडमध्ये त्यांना प्रचंड मताधिक्य मिळालं. कोविडच्या काळात दुकानात शिरताना आम्ही सगळे ज्या सरकारी ॲपवर क्यूआर कोड स्कॅन करायचो, ते खातं त्यांचंच होतं. मंत्री म्हणून त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला दोन्ही पक्षांत भेटली. पण मताधिक्य उतरत होतं. 2019 मध्ये ते आणखी उतरलं असतं, असं मला वाटतं. तेव्हा मतदानाच्या आठवड्यात लेबरचे नेते मायकेल डेली यांचा एक जुना व्हिडिओ बाहेर आला, आशियातून आलेली पीएचडीवाली मुलं इथल्या तरुणांच्या नोकऱ्या घेतात अशा अर्थाचा. ईस्टवूडच्या बसस्टॉपवर, भाजीच्या दुकानात, आमच्या हळदीकुंकवात, सगळीकडे तोच विषय. माझा नवरा पीएचडी करूनच इथे आला. त्या आठवड्यात आमच्या घरात जेवताना जी शांतता होती, ती मी विसरलेले नाही. डेलींनी माफी मागितली. निवडणूक ते हरले.

आता 2023. ही निवडणूक मला आतून दिसली, कारण त्या दिवशी मी मतदान केंद्रावर कामाला होते. एका दिवसाचं हे काम इथे शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसं, कुणीही घेतात. अट एकच, राजकारणाचा शब्द तोंडातून निघता कामा नये. 25 मार्च, शनिवार. सकाळी 8 ते संध्याकाळी 6 मी तोच प्रश्न विचारत होते, जो मला 2007 मध्ये कुणीतरी विचारला होता: "या निवडणुकीत आधी मत दिलंय का?"

6 वाजता दारं बंद झाली. पेटीचं सील तोडलं आणि मतपत्रिका टेबलावर ओतल्या. घड्या उलगडायच्या, सरळ करायच्या, उमेदवारांप्रमाणे गठ्ठे लावायचे. पक्षांचे प्रतिनिधी आमच्या खांद्यावरून बघत उभे असतात, पण हात लावायची त्यांना मुभा नसते. इथे मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितात. आधी कुणाला पहिली पसंती, ते मोजायचं. मग जे दोन उमेदवार शेवटी उरतील असा अंदाज असतो, त्यांच्यात बाकीच्यांची मतं वाटून बघायची. म्हणजे लहान पक्षाला 1 दिलेली मतपत्रिका उचलायची आणि त्यावर या दोघांपैकी कुणाला आधीचा क्रमांक आहे ते पाहायचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नवीन आलेल्यांनी विशेषतः. केंद्राच्या कनिष्ठ सभागृहासाठी सगळ्या चौकटी क्रमाने भराव्या लागतात, नाहीतर मत बाद. राज्याच्या निवडणुकीत नुसता 1 लिहिला तरी मत वैध. 1980 पासूनचा हा नियम आहे आणि "नुसता 1 लिहा" असा प्रचारही होतो. पण तुमचा तो एकमेव उमेदवार शर्यतीतून बाहेर पडला, की तुमचं मत तिथेच संपतं. त्याला एक्झॉस्ट झालेलं मत म्हणतात. ते बाद नसतं, पण शेवटच्या दोघांत ते कुणाकडेच नसतं.

माझ्या हाताखालून अशा कितीतरी मतपत्रिका गेल्या. एक अजून डोळ्यांपुढे आहे. शिसपेन्सिल इतकी दाबून 1 काढला होता की तो मागच्या बाजूने बोटाला लागत होता. लिहिणाऱ्याच्या मनात काहीतरी ठाम होतं. बाकीच्या चौकटी कोऱ्या. मी ती एक्झॉस्टच्या गठ्ठ्यात ठेवली.

त्या रात्री राईडचा निकाल लागला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. पोस्टाची मतं येत राहिली, आकडा इकडून तिकडे हलत राहिला आणि शेवटी पूर्ण फेरमोजणी झाली. लिबरलचे जॉर्डन लेन, जे तेव्हा राईडचे महापौर होते, लेबरच्या लिंडल हाउसन यांच्या विरोधात 54 मतांनी जिंकले. 50 हजारांहून जास्त मतदारांच्या मतदारसंघात 54. म्हणजे 28 माणसांनी मत बदललं असतं, तर आमदार बदलला असता. दुपारच्या गर्दीत माझ्या एकटीच्या टेबलापुढची रांग तेवढी होती. आणि एक्झॉस्ट झालेली मतं 54 पेक्षा कितीतरी अधिक होती.

राज्यात मात्र सरकार बदललं. लेबरला 45 जागा मिळाल्या, बहुमताला 47 लागतात. ख्रिस मिन्स मुख्यमंत्री झाले ते अपक्षांच्या आधाराने. राईड मिळाला असता तर 46. गंमत अशी, की दहाच महिन्यांपूर्वी, मे 2022 मध्ये, केंद्रासाठी बेनेलाँगने लेबरचे जेरोम लॅक्साल निवडून दिले होते. तेही आधी राईडचे महापौर होते. म्हणजे 2007-08 ची तीच गोष्ट पुन्हा. केंद्रात एक, राज्यात दुसरा, आणि माणसं तीच.

भाऊजी विचारतात, मत दिलं नाही तर तिकडे दंड होतो ना, मग लोक भीतीनेच जात असतील? दंड आहे, राज्याच्या निवडणुकीला 55 डॉलर. दोघांच्या साध्या जेवणाचा खर्च. त्या भीतीने माणूस सभागृहापर्यंत येईल, पण फळ्याच्या आडोशाला उभं राहून पाच-पाच मिनिटं विचार करत पेन्सिल धरून राहणार नाही. मी दिवसभर ती माणसं बघितली. एक कोरियन आजोबा मुलीला बाहेर थांबवून एकटे आत गेले, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि सगळ्या चौकटी भरूनच बाहेर आले. भरल्या ते मला कळलं, कारण पेटीत टाकायच्या आधी त्यांनी भरलेल्या चौकटी बोटाने मोजल्या. क्रमांक मी पाहिले नाहीत, पाहायचेही नव्हते.

पुढची राज्याची निवडणूक 13 मार्च 2027 ला आहे. परवा सत्यनारायणाला एक नवीन जोडपं आलं होतं. नुकतंच नागरिकत्व मिळालेलं, दोघंही उत्साहात. मुलीने प्रसाद घेता घेता विचारलं, "ताई, फक्त 1 लिहिलं तरी चालतं ना?" मी "चालतं" म्हटलं, द्रोण बाजूला ठेवला, टेलिफोनजवळचं पॅड आणि पेन्सिल आणली आणि तिच्यापुढे सहा चौकटी काढल्या.