आमची वाटचाल : काढलेला पार्ट पिशवीत

आमच्याकडून दुरुस्त झालेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य घरी नेताना सोबत प्लॅस्टिकची एक छोटी पिशवीही मिळते. फुगलेले कंडेन्सर, गंजलेली बॅटरी, जळका रेझिस्टर, जे काही काढलं ते सगळं तिच्यात असतं. बरेच जण जिना उतरेपर्यंत ती फेकून देतात. आम्ही मात्र देतोच. त्यामागे माझी एक घोडचूक आहे, ती पुढे सांगतो.

मी मुळात वाजवणारा. डोंबिवलीत एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवर, म्हणजे थापेवर वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर होतो. ऐन गणपतीत, कार्यक्रमाच्या मध्यंतरात एका पॅडला खोड लागली. एका थापेला दोन ठोके! स्टेजमागे विंगेतच पाठ उघडली. आत प्रत्येक पॅडखाली रुपयाएवढी पितळी चकती असते, तिला पिएझो म्हणतात. थाप बसली की ती वीज देते, आणि त्या विजेवरून यंत्र ठरवतं किती जोरात वाजायचं. त्या चकतीचा गोंद सुटला होता, म्हणून ती स्वतःच थरथरत होती. फेव्हिक्विकने चिकटवली आणि दुसरा अंक काढला. आठवड्याभरात तीन वादकांनी आपापले पॅड आणून दिले. धंद्याचा मुहूर्त म्हणायचा तर तो हाच.

पुढची काही वर्षं घराजवळच्या रेडिओ-टीव्हीवाल्या मास्तरांकडे उमेदवारी केली. ‘आधी नाक, मग मीटर’ हे त्यांचं शिक्षण. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास वेगळा, गळलेल्या कंडेन्सरचा वेगळा. तेव्हा कामं कसली, तर बेन्जो पार्टीचे कीबोर्ड, भजनी मंडळाचा ‘कॅसिओ’. आपल्याकडे पट्ट्या दिसल्या की तो कॅसिओच, मग कंपनी कुठलीही असो. पावसाळ्यात पट्ट्यांखालच्या रबराचे कार्बन बसायचे, श्रावणात गर्दी व्हायची. पार्ट आणायला दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड.

मग एक दिवस एका स्टुडिओवाल्यांनी रोलँडचं टीआर-८०८ आणलं. मी ते फक्त फोटोत पाहिलं होतं. १९८० ते १९८३ एवढ्याच काळात बनलेलं ड्रम मशीन, जेमतेम १२ हजारांच्या आसपास नग. तक्रार साधी होती, स्नेअर (ड्रमचा एक आवाज) मधूनच खरखरतो. सीआरओ, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून मागे मागे गेलो तर एक ट्रांझिस्टर सतत ‘हिस्स्’ करत होता. आमच्या धंद्यात हिस्स् करणारा ट्रांझिस्टर म्हणजे बाद. मी उपटला, नवा कोरा, कमी आवाजाचा घातला, जुना झाडूबरोबर कचऱ्यात गेला.

स्नेअर लुळा पडला. हँडक्लॅपची टाळी तर ओल्या पापडासारखी.

रात्रभर सर्किटचा नकाशा घेऊन बसलो तेव्हा उजेड पडला. स्नेअर, टाळी, माराका (खुळखुळा) यांची फुसफुस त्या एका ट्रांझिस्टरच्या गोंगाटातूनच तयार होते. हिस्स् हाच तिथला माल! रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी इतरांनी नाकारलेले सदोष ट्रांझिस्टर मुद्दाम निवडून घेतले होते. पुढे ट्रांझिस्टर सुधारले, तसे सदोष मिळेनासे झाले आणि ८०८चं उत्पादन थांबलं. मी नेमका तोच दागिना कचऱ्यात टाकला होता. सकाळी सहाला, कचरेवाला यायच्या आधी, गॅलरीतल्या डब्यात हात घातला. चहाच्या चोथ्यात सापडला. धुऊन, वाळवून परत बसवला आणि टाळी वाजली. खरा दोष शेजारच्या ड्राय सोल्डरचा, म्हणजे नीट न बसलेल्या डाखाचा होता, दोन मिनिटांचं काम. स्टुडिओवाल्यांना खरं ते सांगितलं, मजुरी घेतली नाही. पिशवी त्या दिवसापासून.

मुंबईत ही यंत्रं आली कुठून, असं नवे ग्राहक विचारतात. हिंदी सिनेमासंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हे रोलँडचे सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली होती. तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोकांनी माळे धुंडाळायला सुरुवात केली. कुणाचे वडील फिल्म लाइनीत, कुणाचे काका सिंगापूर रिटर्न. माळ्यावरून काय निघेल ते आमच्या टेबलावर.

त्यातली निम्मी जपानी १०० व्होल्टची. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण घाईत कोण वाचतं? आपले २३० व्होल्ट गेले की फ्यूज उडतो, आणि नशीब नसेल तर ट्रान्सफॉर्मर. नवा शोधत बसण्यापेक्षा आम्ही तोच २३० व्होल्टसाठी गुंडाळून घेतो. मोटारींचं वाइंडिंग करणारा आमचा माणूस तारेचे वेढे मोजताना फोनसुद्धा घेत नाही.

सगळ्यात चिवट काम ज्युनो-१०६ या सिंथेसायझरचं. १९८४चा, एकावेळी सहा सूर देणारा. प्रत्येक सुरामागे एक आयसी (चिप), आणि त्यावर काळ्या रेझिनचा लेप. वयानुसार लेपातून वीज झिरपते आणि एखादा सूर कुरकुरतो किंवा मुका होतो. ट्रान्सपोजचं बटण दाबून ठेवून यंत्र चालू केलं की पट्टी दाबल्यावर कितवा सूर बोलतोय तो आकडा दिसतो. आजारी आयसी काढून ॲसिटोनमध्ये बुडवायचा, दोन-तीन दिवसांनी लेप सालीसारखा निघतो. पाय नाजूक, जोर लावला की तुटलेच. पहिल्यांदा हे घरात केलं तेव्हा बायको म्हणाली, “नेलपॉलिशचं दुकान काढलंस का?”

बदल करून देतो, पण बेताने. टीआर-६०६ या ड्रम मशीनला प्रत्येक आवाजाचं वेगळं आउटपुट, मिडी (यंत्रं एकमेकांना जोडायची सोय) नसलेल्या यंत्राला मिडी, हे आनंदाने. मूळ पत्र्याला भोक पाडायला मात्र नकार, ग्राहक कितीही रागावला तरी. आणि ‘सगळे कंडेन्सर सरसकट बदला’ ही हल्लीची फर्माईश. पॉवर सप्लायचे बदलतो, बाकीचे मोजून. मोजमापात बसणाऱ्याला का हाकलायचं?

चार वर्षांपासून भाची सोबत आहे. बॅटरी मेली की कॉर्ग एम-१ हा कीबोर्ड आपले सगळे टोन विसरतो. कॉम्प्युटरवरून ते परत भरणं तिच्याकडे. मला म्हणते, “मामा, तुम्ही अजून वहीत प्रीसेटच्या खुणा काढता.” प्रीसेट म्हणजे आतले जुळवणीचे स्क्रू. काढतो. स्क्रू फिरवण्याआधी स्केचपेनची रेघ.

सध्या टेबलावर १९८१चा पॉलिसिक्स सिंथेसायझर आहे. आतली निकेल-कॅडमियम बॅटरी गळून बोर्डावर हिरवा चिकटा पसरलाय. तो अल्कलीचा, म्हणून भाची लिंबाच्या रसात बुडवलेल्या टूथब्रशने खरवडतेय. बोर्डावरचे अकरा ट्रॅक (तांब्याच्या वाटा) गेलेत, सात जोडलेत. मालक रोज संध्याकाळी फोन करतात. पिशवीत अजून फक्त बॅटरीच आहे.