फोटोतला चष्मा

"कुणी बघतच नाही, मॅडम." कालपासून हे वाक्य पाठ सोडत नाहीये.

वर्ष संपत आलं की ओळखपत्रं परत घ्यायची, यादीवर खूण करायची, रबर लावून गठ्ठा ऑफिसात द्यायचा. नववी फ, 62 कार्डं, पंधरा मिनिटांचं काम. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या कार्डाला हात थांबला. फोटोतल्या मुलीला चष्मा होता, समोर उभ्या असलेल्या मुलीला नव्हता. लेन्स लावत असेल म्हणून मी पुढे सरकणारच होते. मग नीट पाहिलं. हनुवटी वेगळी, कपाळ वेगळं. सगळंच वेगळं.

"ही तू नाहीस."

"नाही मॅडम. ती ह मधली आहे. तिच्या कार्डावर मी आहे."

"कधीपासून?"

"वाटली तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही का गं?"

तिने जरा विचार केला. "ऑफिसात परत अर्ज द्यावा लागला असता. आणि तसं कुणी बघतच नाही, मॅडम."

आवाजात तक्रार अजिबात नव्हती. बाहेर ऊन आहे असं सांगावं, तसं सांगितलं. तक्रार असती तर मी रागावू तरी शकले असते.

कार्डं वाटली होती मीच. एकेक नाव पुकारून, हातात देऊन. तेव्हा माझं सगळं लक्ष यादीवरच्या सहीच्या रकान्याकडे होतं, सह्या कमी भरल्या की ऑफिसातून बोलावणं येतं म्हणून. म्हणजे त्या दिवशी फोटो माझ्या हातात होता, चेहरा समोर होता, आणि मी सही बघत होते. त्यानंतर वर्षभर आठवड्याला चार तास विज्ञान. प्रयोगवहीवर तिचं अक्षर मी अंधारातही ओळखीन. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकतं, आकृत्या मात्र सुरेख. अक्षर ओळखते. हे स्वतःलाच सांगून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही.

"कुणी" म्हणाली ती. "तुम्ही" म्हणाली नाही. हा तिचा सभ्यपणा, की त्या "कुणी"त मी खरंच नव्हते? मराठीत किती सोय आहे बघा, एकाच शब्दात पहारेकरी, ऑफिस आणि वर्गशिक्षिका मावतात, आणि कुणालाच लागत नाही.

रात्री झोप येईना, म्हणून माझ्यासारखे आणखी कुणी आहेत का ते शोधत बसले. भरपूर आहेत. ब्रिटनमध्ये 1997 साली छापून आलेला एक प्रयोग आहे: सुपरमार्केटातल्या कॅशियरांपुढे फोटो असलेली क्रेडिट कार्डं ठेवली, तर भलत्याच माणसाचा फोटो असलेली निम्म्याहून जास्त कार्डं त्यांनी चालवून घेतली. ऑस्ट्रेलियात 2014 साली तर रोज हेच काम करणारे पासपोर्ट अधिकारी तपासले, त्यांनीही जवळपास 14 टक्के वेळा दुसऱ्याचा फोटो त्याच माणसाचा म्हणून पास केला. फार बरं वाटलं. पासपोर्टवाले चुकतात, तर तीन मजले धावत पाच तुकड्या शिकवणारी बाई कोण लागून गेली? माझ्याकडे तीनशे चेहरे आहेत. एका माणसाने किती लक्षात ठेवायचं? दिव्याखाली बसून स्वतःची इतकी कीव केली की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

मग आणखी थोडं वाचलं, तिथेच चूक झाली. ही सगळी माणसं अनोळखी चेहऱ्यांशी चुकतात. ओळखीचा चेहरा माणूस गचाळ चित्रातही ओळखतो. 1999 सालच्या एका अभ्यासात भिंतीवरच्या सीसीटीव्हीचं अगदी खराब चित्रण दाखवलं होतं. त्यातली माणसं ज्यांच्या ओळखीची, त्यांनी ती सहज ओळखली. ज्यांच्या ओळखीची नव्हती त्यांची दाणादाण उडाली, आणि त्यात पोलीसही होते. बरं, चित्रणात होते प्राध्यापक आणि त्यांना ओळखणारे होते त्यांचे विद्यार्थी. हाच प्रयोग उलट्या दिशेने कुणी केलाय का, ते मी शोधलं नाही. लॅपटॉप बंद केला.

म्हणजे हिशेब एवढाच की वर्षभरानंतरही ती मला अनोळखी होती. गर्दीचं कारण सांगता येईल. मोठ्या शाळेत मंडळं जास्त, स्पर्धा जास्त, पण एकेका मुलाच्या वाट्याला काम कमीच येतं. बरीचशी मुलं टाळ्या वाजवायला असतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या शाळांवरचा 1964 सालचा अभ्यास हेच सांगतो, 35 मुलांच्या शाळेपासून दोन हजारांवरच्या शाळेपर्यंत. ती कधी स्टेजवर आली होती का, हे आठवून बघतेय. आठवत नाही म्हणजे आली नव्हती असं म्हणायची सोयही आता उरलेली नाही.

आज मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. रागवायला नाही, हे आधीच सांगितलं. ह मधली सापडली कशी, एवढंच विचारलं. कार्डावर नाव हिचं, तुकडी हिची. दुसरीचा फक्त चेहरा.

"शोधली. रोज मधल्या सुट्टीत एक मजला. कार्ड हातात घेऊन."

"आणि?"

"नवव्या दिवशी मिळाली. पाण्याच्या टाकीपाशी. चष्मा काढून तोंड धुत होती, तरी ओळखली."

चष्मा काढून! पासपोर्टवाल्यांना कळवायला हवं.

मग दोघींनी मिळून खल केला म्हणे. आपापलं नाव ठेवायचं की आपापला चेहरा? कार्डं बदलली तर फोटो आपला येतो, नाव मात्र दुसरीचं. एक आठवडा तसंही करून पाहिलं. तेव्हाही फाटकावर कुणी काही बोललं नाही. शेवटी नाव ठेवलं, कारण परीक्षेला तेच लागतं. "आणि मॅडम, तिचा फोटो असला की..." एवढं बोलली आणि घंटा झाली. दारात वळून म्हणाली, तिचं नाव नाही सांगणार, तिला ओरडा बसेल. मी मान हलवली. कुणाची बाजू घेतली ते मलाच कळलं नाही.

घरी येताना फाटकावर काकांनी नेहमीसारखा हात वर केला. माझं कार्ड त्यांनी कधी पाहिलेलं नाही, ते बरंच आहे. त्यावर अजून जुनंच आडनाव आहे. बदलायचा अर्ज दोन वर्षं पर्समध्ये घडी होऊन पडलाय. ऑफिसात परत अर्ज द्यावा लागतो ना. काका मला छत्रीवरून ओळखतात, उन्हाळ्यात कशावरून ते विचारायला हवं.

पाचवा तास ह वर होता. प्रकाशाचं परावर्तन शिकवता शिकवता चष्मे मोजले, सात भरले. त्यातल्या तिघींवर संशय आहे. एक माझ्याकडे बघून हसली, पण ती सगळ्यांकडेच बघून हसते. हे मात्र मला माहीत होतं, आधीपासून.

ह ची कार्डं गुरुवारी जमा होतील. त्यांच्या मॅडमना आधी सांगून ठेवायला हवं, चांगल्या आहेत बिचाऱ्या, टीचर्स रूममध्ये शेजारीच बसतात. आज दोनदा तोंडाशी आलं आणि दोन्ही वेळा वेळापत्रकाचं काहीतरी बोलले. त्यांच्याकडेही साठेक कार्डं आहेत, सहीचा रकाना आहे, घाई आहे. त्यांना पहिल्या फटक्यात दिसलं तर मला वाईट वाटेल.