हा ल आपला नव्हे

"अरे, हा ल आपला नव्हे की."

आत्यानं चष्मा कपाळावर सरकवून मोबाईल अगदी नाकाजवळ धरला होता. नवा ब्राउझर मीच घालून दिलेला. पानं झटकन उघडतात, मेनूसुद्धा मराठीत, म्हणून मी खूश. खानापूरकडच्या मराठी शाळेत हयातभर पहिलीला शिकवलेल्या आत्याची नजर मात्र 'लोंढा' या एका शब्दावर अडली.

कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तिनं ल काढून दाखवला. मधोमध दांडा, दोन्हीकडे सारखी गोलाई. "हा आमचा. तुझ्या मोबाईलवरचा हिंदीचा."

खरंच की! युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात या दोन्ही ल चा क्रमांक एकच. आकार फॉन्ट ठरवतो. पानानं 'मी मराठी' असं सांगितलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर मराठी ल उमटतो. महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही हाच ल आहे.

इथं सीमाभागात पाटीवरच्या मराठी अक्षरासाठी आपण जीव टाकतो. आणि रोज हातात असलेला ल माझ्या नजरेतून सुटला. दिवसभर तेच मनात घोळतंय.

ब्राउझरच्या कंपनीला कळवलंय, आत्याच्या ल चा फोटो जोडून.

तुमच्या मोबाईलवर लोंढ्याचा ल कसा दिसतो? बघून सांगा.