जवळजवळ बिनखर्चात डन्जन्स अँड ड्रॅगन्स : माझा अनुभव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत खेळायचा खेळ सुरू करायला किती खर्च येतो, असं कुणी विचारलं की मी सांगते : झेरॉक्सचे पैसे आणि एक कार्डशीट. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, कारण त्याने ऑनलाइन दुकानात किमती बघितलेल्या असतात. खेळाडूंचं पुस्तक वेगळं, खेळ चालवणाऱ्याचं वेगळं, राक्षसांचं वेगळं. प्रत्येकाची मूळ किंमत 50 डॉलरच्या आसपास, म्हणजे तिन्ही घेतली की दहा हजारांच्या वर गेलो. शिवाय फासे, बाहुल्या, नकाशांच्या चटया. दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या मुलांना एवढे पैसे कोण देणार? माझी भाची आणि तिच्या सोसायटीतले तिघं एका वेब मालिकेत हा खेळ बघून झपाटले होते, आणि 'मावशी, तूच चालव' म्हणून माझ्यामागे लागले होते. मी पुण्यात नोकरीला असताना एका गटात खेळले होते खरी, पण खेळाडू म्हणून. चालवणं हे निराळंच काम आहे, आणि त्यासाठी लागणारं सगळं साहित्य मला नाशकात घरबसल्या जमवायचं होतं.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 1974 मध्ये तो अमेरिकेत प्रकाशित केला. एक जण जग उभं करतो, त्याला डन्जन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगचा गुण मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठला का ते बघायचं. सगळा डोलारा एवढ्यावर उभा आहे.

आता मुद्द्याचं. या खेळाचे मूळ नियम तो आज काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनेच मोफत दिलेले आहेत. त्या दस्तऐवजाला एसआरडी म्हणतात, म्हणजे सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट. 5.1 ही आवृत्ती सुमारे 400 पानांची आहे. त्यात पात्रांचे बारा प्रकार, म्हणजे वर्ग, आहेत, तीनशेच्या वर मंत्र आहेत आणि राक्षसही तेवढेच. ती मोकळी कशी झाली ते मला फार महत्त्वाचं वाटतं. 2000 सालापासून एका खुल्या परवान्याखाली लोक या नियमांवर आपापली साहसं लिहीत आणि विकत होते. जानेवारी 2023 मध्ये कंपनी तो परवाना बदलून अटी कडक करणार असल्याचा मसुदा फुटला. जगभरच्या खेळाडूंनी एवढा गदारोळ केला, इतक्यांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेच्या वर्गण्या रद्द केल्या, की त्याच महिन्याच्या 27 तारखेला कंपनीने माघार घेतली आणि एसआरडी 5.1 क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुली केली. तो परवाना परत घेता येत नाही. म्हणजे ही चारशे पानं आता कायमची सगळ्यांची आहेत. साध्या खेळाडूंनी मिळवलेली ही गोष्ट आहे, आणि आपण ती वापरली पाहिजे.

म्हणूनच टेलिग्रामवर फिरणाऱ्या स्कॅन केलेल्या पुस्तकांची मला गरज वाटली नाही, मुलांनाही मी ती उतरवू दिली नाहीत. कायदेशीर साहित्यच इतकं आहे की चोरीचं कशाला लागतं?

अर्थात एसआरडीत सगळं नाही. प्रत्येक वर्गाची एकच उपशाखा आहे, पात्राची पार्श्वभूमी म्हणून एकच नमुना दिलेला आहे, तो म्हणजे देवळातल्या सेवकाचा. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नुकती सुरुवात केलेल्या, पात्रांना त्याने काही अडत नाही. पार्श्वभूमी आम्ही स्वतः रचल्या. मला खरी अडचण आली ती दुसरीकडे : कोणती लढाई किती अवघड होईल याचा हिशेब एसआरडी 5.1 मध्ये नाही. तो मिळाला 'बेसिक रूल्स' या दुसऱ्या मोफत दस्तऐवजात. तेही कंपनीचंच, 2014 पासून उपलब्ध. त्यात लढवय्या, पुरोहित, चोर आणि जादूगार एवढे चारच वर्ग आहेत, पण डीएमसाठीचा भाग अतिशय उपयोगी आहे.

तो हिशेब इथे मांडून दाखवते, कारण नव्या डीएमचे सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. पहिल्या पातळीच्या चार पात्रांसाठी सोपी लढाई 100 गुणांची, मध्यम 200 ची, अवघड 300 ची आणि जीवघेणी 400 ची. एका गॉब्लिनचे, म्हणजे छोट्या राक्षसाचे, गुण 50. दोन गॉब्लिन ठेवले तर 100 नव्हे, 150 धरायचे, कारण शत्रूंची संख्या वाढली की त्यांचे वारही वाढतात. दोघांना दीडपट, तीन ते सहा जणांना दुप्पट. म्हणजे दोन गॉब्लिन सोपे, तीन ठेवले की 300, अवघड. चार ठेवले की 400, थेट जीवघेणे. एकेका गॉब्लिनने एवढा फरक पडतो. गॉब्लिन दिसायला क्षुद्र असतो, पण नेम लागला का बघताना तो फाशात चार मिळवतो आणि एका वारात सरासरी पाच प्राणगुण (मार सोसायची ताकद) घटवतो. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे सहा-आठच प्राणगुण असतात. मी तीन ठेवले.

चारशे पानं छापायची नसतात, हे आधी मनाशी पक्कं करावं. प्रत्येक खेळाडूला त्याच्या वर्गाची पहिल्या दोन पातळ्यांपुरती पानं, जादूगार आणि पुरोहिताला त्यांनी निवडलेल्या मंत्रांची पानं, आणि मला चार राक्षस. बाकी लढाईचे नियम मी एका फुलस्केपवर दोन्ही बाजूंनी हाताने लिहून काढले. लिहिताना जे कळलं नाही ते पुन्हा वाचलं, आणि त्या एका कागदावर आमचा सगळा पहिला डाव निघाला. राक्षसांची माहिती मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवली, खाली पेन्सिलीने प्राणगुण खोडत जायला जागा ठेवली.

फाशांचं काय? सात फाशांचा संच तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि एकच संच सगळ्यांत फिरवता येतो, पण आम्हाला तोही आधी घ्यावा लागला नाही. घरात जुना हाउजीचा संच होता. 1 ते 20 च्या सोंगट्या एका कापडी पिशवीत टाकल्या : हा झाला वीस बाजूंचा फासा. ओढायची, आकडा वाचायचा, परत टाकून पिशवी हलवायची. प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच. हाउजीचे आकडे 90 पर्यंत असल्यामुळे पुढचे फासेही त्यातूनच निघाले. 21 ते 28 वेगळ्या वाटीत, म्हणजे आठ बाजूंचा. 31 ते 40 दहाचा, 41 ते 52 मधून चाळीस वजा केले की बाराचा, 61 ते 64 चाराचा. सहाचा फासा सापशिडीतला. गूगलवरही फासे टाकता येतात, पण मुलांच्या हातात मोबाइल गेला की डावातलं लक्ष जातं, म्हणून मी पिशवीच ठेवली. पिशवीत हात घालताना चौघांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मोबाइलच्या बटणाने आलं नसतं.

नकाशांच्या बाबतीत तर पंगत मांडलेली आहे. वाटाबू या नावाने काम करणाऱ्या माणसाने ब्राउझरमध्ये चालणारी काही साधनं केली आहेत : एकात दर वेळी नवं मध्ययुगीन शहर तयार होतं, दुसऱ्यात एका पानावर मावणारं तळघर, खोल्यांच्या छोट्या टिपांसकट. डायसन लोगोस हा कलाकार हाताने काढलेले काळे-पांढरे नकाशे वर्षानुवर्षं देत आला आहे. ते झेरॉक्सवरही स्वच्छ उमटतात. खजिना, नावं, अचानक भेटणारी संकटं हवी असतील तर डॉनजॉन नावाची साधनपेटी आहे. हे सगळं फुकट.

तरी पहिल्या साहसासाठी मी नकाशा आपल्याकडचाच घेतला. सह्याद्रीतले किल्ले हे या खेळासाठी मुद्दाम बांधल्यासारखे आहेत, हे मला नकाशे चाळताना जाणवलं. त्र्यंबकजवळच्या हरिहरच्या खड्या, खोदीव पायऱ्या : इथे चढण्याची कसोटी. दोन बुरुजांच्या वळणाआड लपलेला गोमुखी दरवाजा : अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही आणि वळणावर आलेला शत्रू वरून माऱ्यात सापडतो. मग कातळात खोदलेलं टाकं, अंबरखाना, शेवटी चोरदरवाजा. पाच जागा, एका संध्याकाळीत संपेल एवढं साहस. चौकटीच्या वहीत आधी आखलं, मग कार्डशीटवर एकेक इंचाच्या चौकटी पाडून मोठं काढलं. एक चौकट म्हणजे पाच फूट. बाहुल्यांच्या जागी कॅरमच्या सोंगट्या लावून बघितल्या, पण त्या तीन सेंटिमीटरच्या वर असल्यामुळे इंचाच्या चौकटीत बसत नाहीत. मग शिवणाच्या डब्यातली मोठी बटणं घेतली, प्रत्येकाचा रंग वेगळा. गॉब्लिन म्हणून राजमा.

डाव बसला. मुलं हरिहरच्या पायऱ्या चढून गेली, ओंकारचा लढवय्या घसरला आणि दोरीने वाचला. गोमुखी वळणावर वरून तीन गॉब्लिन. सानिकाची जादूगारीण गुंगी आणणारा मंत्र टाकते म्हणाली. त्याचा हिशेब असा : आठ बाजूंचे पाच फासे, जी बेरीज येईल तेवढ्या प्राणगुणांचे शत्रू झोपतात, आधी सगळ्यात कमकुवत. वाटीतून सोंगट्या निघाल्या : 23, 28, 25, 22, 26. म्हणजे तीन, आठ, पाच, दोन, सहा. एकूण चोवीस. एका गॉब्लिनचे प्राणगुण सात. सात, चौदा, एकवीस... तिघंही आडवे. मी अवघड म्हणून रचलेली लढाई एका मंत्रात संपली आणि चौघं अशी ओरडली की शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. झोपलेल्यांना मारायचं की नाही यावर ती बराच वेळ भांडली. शेवटी दोरीने बांधलं, एकाला हलवून उठवलं आणि विचारलं, 'टाक्यातलं पाणी कोण अडवतंय?' माझ्याकडे त्याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. मी गॉब्लिनच्या आवाजात म्हटलं, 'आम्हालाच तीन दिवस पाणी नाही, मालक.' तिथून साहस भलतीकडेच गेलं, आणि चांगलं गेलं. विकतच्या कुठल्याही पुस्तकात हे नसतं.

पावसाळ्यात आणखी दोन मुलं आली. त्यांना एवढे नियम समजावत बसण्यापेक्षा आम्ही केर्न घेतला. योहाय गल यांनी केलेला हा छोटा खेळ मोफत आहे आणि दुरुस्त करून वाटायलाही मोकळा आहे. त्यात वर्ग नाहीत, तीनच गुण, सामानाला दहा जागा. लढाईत वार लागला का यासाठी फासाच नाही. वार लागतोच, किती लागला एवढंच बघायचं. त्यामुळे मुलं लढाई टाळायला शिकतात, वाटाघाटी करतात. अगदी नवख्यांना मी आज केर्नच देईन. जुन्या वळणाची मोठी मोहीम हवी असेल तर ख्रिस गॉनरमन यांचं बेसिक फँटसी आहे : नियम आणि साहसांचा मोठा साठा, सगळ्या पीडीएफ मोफत, छापील पुस्तकही जवळजवळ छपाईच्या किमतीत. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाचेही सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे मोफत आहेत, पण ते खोल पाणी आहे; एका डीएमच्या हाताखाली काही महिने खेळल्यावर उतरावं.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा सगळ्यात मोठा फायदा मला नंतर उमगला. एसआरडी आपल्या भाषेत आणून वाटायची परवानगी त्यातच आहे. अट एवढीच : पहिल्या पानावर दिलेली श्रेयाची ओळ सोबत छापायची आणि आपण बदल केले आहेत हे सांगायचं. मी पात्राचा तक्ता, लढाईचा फुलस्केप आणि वीस मंत्र मराठीत केले, खाली ती ओळ टाकली आणि भाचीच्या शाळेतल्या दुसऱ्या गटाला दिले. त्यांच्यातल्या एकाने त्यात चुका काढून, सुधारून परत पाठवले. असं आणखी पाच-दहा जणांनी केलं तर वर्षभरात मराठीत खेळ चालवण्यापुरतं सगळं तयार होईल, आणि ते विकत घ्यावं लागणार नाही.

एप्रिल 2025 मध्ये एसआरडी 5.2 आली, तीही त्याच परवान्याखाली. तिच्यात नवे नियम आहेत, पण आमची पात्रं तिसऱ्या पातळीवर आहेत आणि मोहीम मध्यावर आहे, म्हणून आम्ही 5.1 वरच राहणार. शिवाय नव्या नियमांत गुंगीच्या मंत्राला शत्रू इच्छाशक्तीने तोंड देऊ शकतो. सानिकाने ते वाचलं आहे आणि मोहीम संपेपर्यंत हा विषय काढायचा नाही असं तिने मला बजावलं आहे.